करवतीखालचा तेलाचा डाग : गळती ओळखावी कशी, थांबवावी कशी?

शहापूरहून आजोबा डोंगराच्या दिशेने निघाले की वाटेत डोळखांब लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सारा पट्टा साग, ऐन, खैर, मोह, हिरडा अशा झाडांनी भरलेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही वनाच्छादित तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. येथील माणसाचे लाकडाशी असलेले नाते जुने आहे. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या, तेव्हा ठेकेदारांच्या हातून तोडीचे काम काढून ते मजुरांच्या संस्थांकडे सोपविण्याच्या प्रयोगात ठाणे जिल्हा अग्रभागी होता. त्या काळी कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढायची लांब करवत हीच मुख्य हत्यारे होती. आज त्यांची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीने घेतली आहे. व्यवहारात तिला 'कटर' किंवा 'चेनसॉ' म्हणतात.

वादळात रस्त्यावर आडवे पडलेले झाड हटविणे, घरावर झुकलेली फांदी उतरविणे, परवानगी घेऊन तोडलेल्या झाडाचे ओंडके करणे, लग्नसराईसाठी सरपण फोडणे ही कामे हे यंत्र काही तासांत उरकते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा उन्मळून पडलेल्या झाडांनी अडलेले रस्ते मोकळे करण्याच्या कामी या करवतीचे महत्त्व शहरी माणसाच्याही लक्षात आले. मुरबाड-शहापूर परिसरात शेतघर बांधणाऱ्या मुंबई-कल्याणच्या कुटुंबांकडेही आता ती दिसू लागली आहे.

नवी करवत मात्र प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे वापरलेल्या यंत्रांचा व्यवहार बराच चालतो आणि अशा यंत्राबाबतची सर्वांत सामान्य तक्रार एकच असते. रात्री पडवीत ठेवलेल्या करवतीखाली सकाळी तेलाचे थारोळे दिसते. हे पाहून कोणी घाबरून यंत्र भंगारात काढतो, तर कोणी 'जुने यंत्र गळणारच' म्हणून दुर्लक्ष करतो. दोन्ही टोकाच्या भूमिका चुकीच्या आहेत. काही गळती निरुपद्रवी असते, काही दहा मिनिटांत थांबविता येते आणि काही गळती मात्र इंजिनाच्या किंवा चालविणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. यांतली आपली कोणती, हे ओळखणे हाच खरा प्रश्न आहे.

हे तेल येते कुठून?

गळतीचा शोध घेण्यापूर्वी यंत्रात तेल कुठे कुठे असते, ते पाहिले पाहिजे. मोटारीच्या इंजिनाखाली जशी तेलाची परात असते, तशी या करवतीत नसते. तिचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असते. जुन्या बजाज स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर तेल घालावे लागत असे, ते अनेकांना आठवत असेल. येथेही तोच प्रकार असतो. इंजिनाच्या आतील भागांना लागणारे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर तेल लागते. २५ भागांना एक असे असेल तर ४० मिलिलिटर.

दुसरे तेल साखळीसाठी असते. करवतीची साखळी बार नावाच्या पोलादी पट्टीच्या कडेने, तिच्या खाचेतून फिरते. पूर्ण वेगात असताना तिची गती सेकंदाला सुमारे २० मीटरपर्यंत पोहोचते. एवढ्या वेगाने पोलादावर पोलाद घासत असता वंगण नसेल तर काही मिनिटांत बार निळा पडतो, साखळी ताणते आणि तुटण्याची भीती निर्माण होते. म्हणून यंत्रात पेट्रोलच्या टाकीशेजारी तेलाची वेगळी टाकी असते. टाकीतील गाळणीतून तेल रबरी नळीत येते. तेथून ते क्लचमागे बसविलेल्या छोट्या पंपात जाते. पंप ते बारच्या बुडाशी असलेल्या छिद्राकडे ढकलतो, बारमधील बारीक भोकातून ते खाचेत उतरते आणि साखळी ते पुढे वाहून नेते.

या तेलाचे वैशिष्ट्य असे की ते परत येत नाही. साखळीवरून ते भुशात, लाकडात आणि जमिनीवर उडून जाते. याचाच अर्थ साखळीचे तेल 'सांडणे' हा या यंत्राचा स्वभावच आहे. ते काम करताना सांडले पाहिजे, विश्रांतीत नव्हे. गळतीचे सारे निदान या एका भेदावर उभे आहे.

आधी तेलाची ओळख

यंत्राखालचा डाग दिसताच पाना हाती घेण्याचा मोह टाळावा. प्रथम तो द्रव कोणता, हे पाहावे. साखळीचे तेल दाट आणि चिकट असते. दोन बोटांत धरून बोटे विलग केल्यास त्याचा तंतू निघतो आणि त्याला पेट्रोलचा वास येत नाही. मिश्रणाचे पेट्रोल पातळ असते, त्याचा वास लगेच जाणवतो आणि थोड्या वेळाने त्यातील पेट्रोल उडून जाऊन मागे फक्त तेलकट छटा उरते. तिसरा प्रकार सायलेन्सरच्या तोंडाशी दिसतो. तेथे काळे, काजळीमिश्रित, डांबरासारखे तेल जमते. ही मुळात गळती नव्हे. मिश्रणात तेल जास्त पडले किंवा कार्ब्युरेटरमधून इंधन अधिक जाऊ लागले की न जळलेले तेल धुराबरोबर बाहेर येते. त्यावर उपाय योग्य प्रमाणाच्या मिश्रणाचा आणि कार्ब्युरेटरच्या जुळणीचा.

डागाला पेट्रोलचा वास असेल तर मात्र काम तेथेच थांबवावे. इंधनाची नळी, टोपण किंवा कार्ब्युरेटर यांतून होणारी गळती तापलेल्या सायलेन्सरजवळ आगीला निमंत्रण देते. गवत वाळलेल्या एप्रिल-मे महिन्यांत रानात अशी करवत चालविणे म्हणजे स्वतःबरोबर साऱ्या माळालाही धोका निर्माण करणे होय.

वर्तमानपत्राची परीक्षा

डाग साखळीच्या तेलाचा आहे असे ठरले की पुढची पायरी स्वच्छतेची. वापरलेल्या करवतीच्या तळाशी तेल आणि भुसा यांचा जाड थर बसलेला असतो. या थरात मुरलेले जुने तेल उष्णतेने पाझरते आणि गळतीचा आभास निर्माण करते. अनेक 'गळक्या' करवतींची गळती नुसत्या साफसफाईनेच संपते.

इंजिन पूर्ण थंड असताना स्पार्क प्लगची टोपी काढावी, म्हणजे चुकूनही ते सुरू होणार नाही. पेट्रोलची टाकी रिकामी करावी. हातमोजे घालून बाजूचे झाकण, साखळी आणि बार काढावेत. जुना दात घासण्याचा ब्रश, लाकडी काडी आणि थोडे रॉकेल यांनी क्लचभोवतीचा, पंपाच्या बाजूचा आणि तळाचा मळ काढून फडक्याने कोरडा करावा. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडी-काडीपासून दूर करावे. निघालेला मळ विहिरीच्या किंवा ओहोळाच्या बाजूला टाकू नये.

त्यानंतर बार आणि साखळी पुन्हा बसवून, टाकी तेलाने भरून, करवत सपाट जागी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी आणि कागदावर तिची बाह्यरेषा पेन्सिलीने आखावी. टोपण कोणत्या बाजूला आहे, बार कोणत्या बाजूला आहे, याच्या खुणा कराव्यात. रात्र उलटल्यावर कागदच साक्ष देतो. बारच्या टोकाखाली व त्याच्या कडेने दोन-चार ठिपके पडले असतील तर चिंतेचे कारण नाही. बार व साखळीवर राहिलेले तेल तेथे निथळते. नवी करवतही एवढे तेल सोडते. परंतु तळहाताएवढा डाग पडला असेल किंवा टाकीतील पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरली असेल, तर ती गळती होय.

मात्र डाग जेथे पडला, तेथेच भोक आहे असे मानू नये. कौलारू घरात पाणी गळते एका ठिकाणी आणि कौल फुटलेले असते दुसऱ्याच ठिकाणी. तेलही यंत्राच्या तळावरून सरकत सर्वांत खालच्या बिंदूशी येऊन थेंबाथेंबाने पडते. उगम शोधण्यासाठी स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरावी. तेल ज्या वाटेने येते, ती वाट पावडरीवर ओली रेघ उमटवते. तिच्या वरच्या टोकाशी उगम सापडतो.

दाब की भोक?

उगम दिसत नसेल तर आणखी दोन साध्या चाचण्या आहेत. पहिली टोपणाची. टाकी अर्धीच भरून करवत सरळ ठेवावी आणि गळती सुरू असताना टोपण किंचित सैल करावे. त्यावेळी 'फुस्स' असा आवाज झाला आणि नंतर गळती थांबली, तर टाकीत दाब साठला होता असे समजावे. टोपण सैल करूनही गळती तशीच राहिली, तर तेल स्वतःच्या वजनाने एखाद्या फटीतून उतरत आहे.

दुसरी चाचणी पातळीची. टाकी पूर्ण भरली असताना गळती होते, पण निम्मी असताना होत नाही, तर फट निम्म्या उंचीच्या वर कोठेतरी आहे. टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत गळती चालू राहिली, तर ती तळाशी आहे. तेल ज्या पातळीला येऊन गळायचे थांबते, तीच फटीची उंची. पाण्याच्या गळक्या पिंपाला लागू पडणारा हा नियम यंत्रालाही लागू पडतो आणि यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

दाबाचे कारण बहुधा ऊन असते. तेलाच्या टाकीत हवा आत येण्यासाठी एक बारीक झडप असते. तेल बाहेर जाते तितकी हवा आत यावी, हे तिचे काम. ती भुशाने बुजली असेल आणि करवत भर दुपारी उन्हात ठेवली असेल, तर टाकीतील हवा प्रसरण पावते. तिला निघायला वाट नसल्याने ती तेलाला पंपातून बारकडे ढकलते. सावलीत ठेवलेली करवत गळत नाही आणि टेंपोच्या हौद्यात तापलेली गळते, याचे रहस्य हेच. झडप साफ करावी किंवा बदलावी. काही जण तीच गळते आहे असे समजून एम-सीलने कायमची बुजवून टाकतात. त्याचा परिणाम उलटा होतो. काम सुरू झाल्यावर टाकीत हवा शिरत नाही, पोकळी निर्माण होते, पंप तेल ओढू शकत नाही आणि साखळी कोरडी धावू लागते. गळती थांबल्याचे समाधान बार जळाल्यावर संपते.

सोप्या दुरुस्त्या

सर्वांत सोपी आणि वारंवार आढळणारी चूक टोपणात असते. टोपणाखालची रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, चपटी होते किंवा तिच्याखाली भुशाचा कण अडकतो. ती काढून पुसावी, वाकवून पाहावी. तडे दिसले तर बदलावी. आटे खराब झाले असतील तर टोपणच बदलणे श्रेयस्कर. टोपण अधिक जोराने आवळणे हा उपाय नाही. त्याने रबर आणखी चपटे होते.

दुसरी जागा बारची. बारच्या खाचेत आणि तेलाच्या छिद्रात भुसा घट्ट बसला की पंपाने पाठविलेल्या तेलाला पुढे जायला जागा राहत नाही. ते बाजूच्या झाकणाखाली साठते आणि तेथून ठिबकते. पाहणाऱ्याला वाटते, पंप गळतो आहे. प्रत्यक्षात पंप उत्तम काम करीत असतो, वाट बंद झालेली असते. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे, हॅकसॉच्या जुन्या पात्याने खाच खरवडावी आणि बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. वापरलेल्या यंत्राला आधीच्या मालकाने दुसऱ्याच मापाचा बार बसविलेला असेल तर त्याचे तेलाचे छिद्र यंत्राच्या छिद्रासमोर येत नाही. अशा वेळी कितीही सफाई केली तरी गळती थांबत नाही, बारच बदलावा लागतो.

तिसरी गोष्ट तेलाच्या मात्रेची. अनेक यंत्रांच्या तळाशी तेल कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. लांब बार आणि कठीण लाकूड यांसाठी तो पूर्ण उघडलेला असेल आणि आता आखूड बार लावला असेल, तर तेल जास्त होऊन ठिबकणारच. शिवाय काही करवतींत पंप साखळी फिरते तेव्हाच चालतो, तर काहींत इंजिन सुरू असेपर्यंत चालू राहतो. दुसऱ्या प्रकारात इंजिन मंद चालू ठेवून जमिनीवर ठेवल्यास थेंब पडतील. तो दोष नव्हे.

चौथी जागा टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीची. ती वळणाच्या ठिकाणी तडकते किंवा तोंडाशी सैल होते. येथे गावोगावी एक जुगाड आढळतो. सायकलची व्हॉल्व ट्यूब कापून तीच नळी म्हणून बसविली जाते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. काही आठवड्यांत ती पुन्हा निसटते, शिवाय तिचे तुकडे पंपात अडकू शकतात. तेलाला टिकणाऱ्या रबराची, त्या यंत्रासाठी तयार केलेली नळीच वापरावी.

क्लचमागचे काम

वरील सर्व जागा निर्दोष असतील तर संशय पंपावर जातो. तो क्लचमागे दडलेला असल्याने तेथे पोहोचण्यासाठी क्लच काढावा लागतो आणि येथेच घरगुती दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान होते. बहुतेक करवतींत क्लचचे आटे उलटे असतात. नेहमीच्या बोल्टच्या विरुद्ध, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यावर तो सुटतो. हे ठाऊक नसलेला माणूस त्याला जोर लावून अधिकच घट्ट करतो आणि अखेर हातोडी उचलतो. क्लच फिरविताना इंजिनही फिरू नये म्हणून प्लगच्या छिद्रातून स्वच्छ सुती दोरीचे काही वेढे सिलिंडरमध्ये सोडतात, म्हणजे पिस्टन त्यावर अडून थांबतो. पेचकस किंवा खिळा आत घालू नये. पिस्टनच्या माथ्याला इजा होते.

क्लच आणि त्याचा ड्रम निघाल्यावर पंप सहसा दोन-तीन स्क्रूंवर बसलेला दिसतो. पंपाला फिरविणारा वेढ्यांचा दातेरी भाग झिजलेला नाही ना, पंपाच्या बुडाची ओ-रिंग किंवा गॅस्केट शाबूत आहे ना, हे पाहावे. पंप आतून झिजला असेल तर तो दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे सोपे पडते. काढताना प्रत्येक पायरीचे मोबाइलवर छायाचित्र घेतले तर जोडताना वॉशरचा क्रम चुकत नाही. छोटी सर्कलिप उडून गवतात हरवते, म्हणून हे काम अंथरलेल्या कापडावरच करावे.

याच भागात क्रँकशाफ्टचे ऑइल सील असते. साऱ्या गळतींत सर्वांत गंभीर गळती याची. हे सील इंजिनाच्या आतली हवा आत आणि बाहेरची हवा बाहेर ठेवते. ते निकामी झाले की क्लचमागे पेट्रोलचा वास असलेला पातळ ओलावा दिसतो. परंतु बाहेर येणाऱ्या थेंबापेक्षा आत शिरणारी हवा अधिक घातक असते. तिच्यामुळे इंधनाचे प्रमाण घटते. इंधनातूनच वंगण मिळत असल्याने तेही घटते. इंजिन मंद चालीत असतानाच किंचाळू लागते, करवत कलती केली की आवाज बदलतो, बटण दाबूनही ते लगेच थांबत नाही. अशा स्थितीत काम चालू ठेवले तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीला भिडतो. ही लक्षणे दिसताच करवत बंद करून, हवेच्या दाबाची आणि निर्वाताची चाचणी करू शकणाऱ्या कारागिराकडे न्यावी.

टाकीलाच तडा गेला असेल तर तो प्रश्न निराळा. प्लास्टिकच्या टाकीला तेल पूर्ण पुसून, पृष्ठभाग खरवडून लावलेले इपॉक्सी काही काळ टिकते. कायमचा उपाय म्हणजे तो भाग बदलणे. काही यंत्रांचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. त्याचा कीस पेट घेऊ शकतो. म्हणून रस्त्याकडेच्या ग्राइंडर-वेल्डिंगच्या हवाली ते करू नये.

ब्रेकवर तेल म्हणजे जिवाशी गाठ

गळतीकडे केवळ तेलाच्या नासाडीच्या दृष्टीने पाहिले जाते. तिचा सुरक्षिततेशी असलेला संबंध फारसा ध्यानात घेतला जात नाही. बारचे टोक लाकडाला चुकीच्या कोनात लागले की करवत क्षणार्धात चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. त्या क्षणी साखळी थांबविणारा ब्रेक म्हणजे क्लचच्या ड्रमला आवळणारी एक पोलादी पट्टी असते. झाकणाखाली साठलेले तेल आणि त्यात कालवलेला भुसा याच पट्टीवर बसतो. तेलकट पट्टीची पकड कमी होते. क्लचचे जोडेही तेलाने भिजले तर घसरतात, तापतात आणि धूर करतात. म्हणून गळती दुरुस्त केल्यावर ड्रम आणि पट्टी पुसून कोरडी करणे व ब्रेक तपासणे ही कामाचीच शेवटची पायरी मानली पाहिजे.

याची दुसरी बाजू कोरड्या साखळीची. जी करवत पडल्या जागी गळते, तिला कामाच्या वेळी तेल अपुरे पडण्याची शक्यता असते. दुरुस्तीनंतर करवत सुरू करून, साखळी जमिनीला न टेकविता, बारचे टोक कागदापासून वीतभर दूर धरावे आणि वेग वाढवावा. मिनिटभरात कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल पोहोचते आहे. दुसरा पडताळा टाकीचा. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही बरीच उतरलेली असावी, पण रिकामी नसावी. ती भरलेलीच राहिली तर पंप काम करीत नाही. आधी संपली तर मात्रा जास्त आहे किंवा गळती शिल्लक आहे.

वापरलेली करवत घेताना

जुन्या यंत्राचा विक्रेता ते स्वच्छ पुसून, टाक्या रिकाम्या करून दाखवितो. रिकामी करवत कधीच गळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी टाकी भरून ती काही तास कागदावर ठेवण्याची अट घालावी. बाजूचे झाकण काढून क्लचचा भाग पाहावा, टोपणाचे रबर दाबून पाहावे, तळाला हात फिरवून तडा आहे का ते तपासावे. इंजिन गरम झाल्यावर मंद चालीत स्थिर राहते का, हे सर्वांत महत्त्वाचे. टोपणातली, बारमधली किंवा नळीतली गळती हा सौद्यात किंमत कमी करून घेण्याचा मुद्दा आहे. सीलची गळती मात्र सौदा मोडण्याचे कारण ठरू शकते.

पावसाळ्यात चार महिने करवत पडून राहणार असेल तर दोन्ही टाक्या रिकाम्या करून, साखळीला तेलाचा हात फिरवून ती सावलीत ठेवावी. यामुळे रबराचे आयुष्य वाढते आणि दिवाळीनंतर यंत्र पुन्हा काढताना खालचा डागही दिसत नाही.

जळके तेल आणि पिण्याचे पाणी

पैसे वाचविण्यासाठी मोटारसायकलचे वापरलेले जळके तेल साखळीला घालण्याची पद्धत सर्रास आहे. हे तेल पातळ झालेले असते, साखळीवर टिकत नाही आणि पंपाच्या फटींतून लवकर पाझरते. म्हणजे ते स्वतःच गळतीचे एक कारण ठरते. त्यातील धातूचे कण पंप झिजवितात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साखळीवरून उडणारे हे काजळीयुक्त तेल चालविणाऱ्याच्या कातडीवर आणि श्वासात जाते, उरलेले मातीत मुरते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते, ते उगाच नव्हे.

शहापूर तालुक्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. १८९२ मध्ये बांधलेला तानसा आणि नंतरचा भातसा हे मुंबईची तहान भागविणारे जलाशय याच तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात विहिरींच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर किंवा टँकरवर दिवस काढतात. ज्या ओहोळाच्या काठी ओंडके कापले जातात, त्याचेच पाणी पुढे कोणाच्या तरी हंड्यात जाते. ऑस्ट्रियासारख्या देशाने १९९० च्या दशकाच्या आरंभीच करवतीच्या साखळीसाठी खनिज तेलाऐवजी जमिनीत विघटित होणारे वनस्पतिजन्य तेल अनिवार्य केले, त्यामागचा विचार हाच होता. आपल्याकडे असे बंधन नसले तरी साखळीसाठी तयार केलेले चिकट तेल योग्य मात्रेत वापरणे आणि गळती वेळीच थांबविणे एवढे निश्चित करता येते. वनस्पतिजन्य तेल वापरायचे असल्यास ते यंत्रात महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण ते हवेने घट्ट होऊन पंप जाम करते. मोहाच्या बियांचे तेल तर थंडीत आपोआप थिजते, म्हणून ते यासाठी योग्य नाही.

करवत हे दुधारी साधन आहे. ते कोणत्या झाडावर चालवायचे, याचा निर्णय १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीनेच व्हायला हवा. साग, खैर, मोह, हिरडा, आंबा ही या पट्ट्यातली झाडे त्या कायद्याच्या संरक्षणाखाली येतात. पण ज्याच्या हाती ते कायदेशीर कामासाठी आहे, त्याची रोजी त्याच्यावर अवलंबून असते. त्याच्यासाठी तेलाचा डाग ही क्षुल्लक बाब नाही. एखाद्या ओ-रिंगच्या किमतीत थांबणारी गळती दुर्लक्षामुळे इंजिन खाते, ब्रेक निकामी करते आणि माती नासवते. रात्रभर अंथरलेला वर्तमानपत्राचा एक जुना कागद हे तिन्ही नुकसान टाळू शकतो.